भुवईवरची खूण

गव्हाच्या पिठात मका निघाला. थोडाथोडका नाही, निम्मं पीठ पिवळं. ज्या बाईचं दळण होतं तिनं डबा गिरणीच्या पायरीवर पालथा केला आणि म्हणाली, "घ्या, आता तुम्हीच खा."

*

शिंप्यानं एका पायजम्याला दोन्ही डाव्या तंगड्या जोडल्या. गिऱ्हाइकानं तो तिथल्या तिथं घालून दाखवला. शिंपी म्हणाला, "तुम्ही उभेच वाकडे राहताय."

*

सुईण दुपारची खाटेवर उताणी पडून आकडे मोजायची. हलायचं नाही, खोकायचं नाही, नाक खाजवायचं नाही. शंभरापर्यंत जायचं होतं. चाळिसाच्या पुढं ती एकदाही गेली नाही.

*

सूचना. डोक्यावरून आंघोळ करून यावे. अंगावर दागिना नको. दर गावामागे सोबत एकच माणूस. ऑपरेशन चालू असताना डोके हलवू नये. शिंक येणार असल्यास आधी सांगावे.

*

मास्तर वर्तमानपत्र नाकाला लावून वाचत. पुढंपुढं ते वाचत नव्हतेच, नुसतं नाकाला लावून बसत. नाकाच्या शेंड्याला शाई लागलेली असली की लोकांना वाटे, मास्तरांना अजून दिसतंय.

*

दोघा भावांच्या शेतामध्ये एक बांध. अकरा वर्षं बोलणं नाही. थोरल्याला बांधावरचा दगड दिसेनासा झाला त्याच वर्षी धाकट्यालाही दिसेनासा झाला. भांडण तेवढं दोघांना स्पष्ट दिसत होतं.

*

"डोळ्यात पीठ गेलंय," गिरणीवाला म्हणायचा. दोन वर्षं म्हणत होता.

*

ही सहा माणसं एका सोमवारी सकाळी एका जीपमध्ये बसली. सोबतीला गिरणीवाल्याची बायको. सहा जणांचे सहा कागद तिच्या पिशवीत होते, आणि पिशवी तिनं मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती. गाव तिला वहिनी म्हणायचं. तिच्यापेक्षा वयानं थोरले असलेलेही.

"सहा माणसं, डोळे अकरा," मास्तर जीप सुरू व्हायच्या आधीच म्हणाले.

कुणी हसलं नाही. अकरावा डोळा गिरणीवाल्याचा डावा. उजवा वीस वर्षांपूर्वी गेला होता. गिरणीच्या दगडाला टाकी लावताना, छिन्नीनं टोचताना, कपचा उडाला, तांदळाच्या दाण्याएवढा. मोठा आवाज नाही, काही नाही. त्यानं हात डोळ्यावर ठेवला आणि म्हणाला, "पाणी आण." त्यानंतर त्या डोळ्याला उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. पुढं तेही कळेना.

म्हणून डाव्याला पांढरं दिसायला लागलं तेव्हा त्यानं ते पिठावर ढकललं. गिरणीत सगळंच पांढरं असतं. भुवया, पट्टा, खुंटीवरची दोरी, भिंतीवरची पाल. तो ओल्या फडक्यानं डोळा पुसायचा, पुन्हा दळायला बसायचा. बायकोलाही तेच वाटायचं. मग एकदा मोटार जळाली. वाइंडिंग करून यायला आठ दिवस लागले. आठ दिवस गिरणी बंद, पिठाचा कण उडाला नाही, आणि नवव्या दिवशी सकाळी तो अंगणात उभा राहून म्हणाला, "अगं, अजून पीठ उडतंय."

तिनं ऐकलं आणि हातातला तांब्या खाली ठेवला. मका-गव्हाचं झालं ते त्यानंतर पंधरा दिवसांनी.

निघताना तो तीनदा जीपमधून उतरला. तिन्ही वेळा गिरणीत जाऊन मोटारीवर हात फिरवून आला.

"बाबा, बसा आता," सून म्हणाली. "दळणं मी बघते."

"पट्टा सरकला तर आधी बंद करायचं. मग हात घालायचा."

"माहितीये."

"आधी बंद. मग हात."

"बाबा, मी घाबरत नाही पट्ट्याला."

"घाबर," तो म्हणाला. "थोडं घाबरत जा."

*

दवाखान्याला लांब गल्लीसारखी ओसरी होती. भिंतीला कमरेपर्यंत हिरवा रंग, वर पांढरा. एका ओळीत खुर्च्या, एकमेकींना लोखंडी पट्टीनं जोडलेल्या. एक हलला की सगळे हलायचे. थोरला एका टोकाला बसला, धाकटा दुसऱ्या. थोरल्याचा गुडघा थरथरत होता आणि ती थरथर पट्टीतून धाकट्यापर्यंत पोचत होती. धाकटा बराच वेळ सोसत राहिला. मग समोर बघत म्हणाला, "वहिनी, कुणाला तरी सांगा, पाय खाली ठेवा म्हणावं."

डॉक्टरबाई वयानं लहान होत्या. त्यांनी प्रत्येकाच्या डोळ्यात बारीक उजेड टाकून पाहिलं. गिरणीवाल्यापाशी थांबल्या. पुन्हा पाहिलं. मग त्याच्याशी न बोलता त्याच्या बायकोकडे वळल्या.

"यांना एकच डोळा आहे, हे तुम्हाला माहितीये ना?"

"चाळीस वर्षं संसार केलाय."

"तसं नाही म्हणत मी. मोतीबिंदू फार पिकलाय. अगदी दगड झालाय. वेळ लागेल, जपून करावं लागेल. यांना सगळ्यांत शेवटी घेते, म्हणजे घाई नको."

त्या पुढं गेल्या. गिरणीवाला तसाच मान वर करून बसून राहिला.

"काय झालाय म्हणाल्या?"

"पिकलाय म्हणाल्या."

"त्याच्यानंतर."

तिनं मांडीवरची पिशवी नीट केली.

"दगड म्हणाल्या," तो म्हणाला. "दगड काढायचा म्हणजे फोडायला लागणार."

"तुम्हाला काय कळतं त्यातलं?"

"दगडातलं मला कळतं," तो म्हणाला.

त्यानं तोंडातली सुपारी बाहेर काढून रुमालात बांधली. दिवसभर पुन्हा तोंडात काही टाकलं नाही.

संध्याकाळी सह्यांचे कागद आले. मास्तरांना वाचता येत नव्हतं, पण वाचायचं दुसऱ्या कुणाकडे द्यायलाही ते तयार नव्हते. शेवटी वहिनी एकेक शब्द जुळवत हळू वाचायची आणि मास्तर तोच शब्द मोठ्यानं, जणू आपणच वाचतोय असा म्हणायचे. "क्वचित प्रसंगी दृष्टी कायमची जाण्याची शक्यता असते."

"क्वचित म्हणजे?" थोरल्यानं विचारलं.

"शंभरात एखादा," मास्तर म्हणाले.

"आपण तर सहाच आहोत."

"मग आणखी चौऱ्याण्णव येऊ देत," शिंपी म्हणाला. "तोवर बसू."

सुईण हसली. हसता हसता तिला खोकला आला, आणि खोकला आल्याबरोबर तिचा चेहरा पडला. "हे बघ," ती म्हणाली, "हे असं आत झालं तर?" गावातली निम्मी माणसं हिच्या हातावर जन्मली होती. कळा देणाऱ्या बायकांना ती खेकसायची, ओरडू नको, श्वास घे. आता तिनं वहिनीचा हात धरला आणि सोडलाच नाही. बाकीच्या सह्या वहिनीला कागद मांडीवर ठेवून एकाच हातानं कराव्या लागल्या.

साक्षीदार म्हणून सहा सह्या. सहावी नवऱ्याच्या कागदावर. ती सही तिच्या सहीसारखी आली नाही. बाकीच्या पाचांशी ताडून पाहिली असती तर दुसऱ्याच कुणी केलीय असं वाटलं असतं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला सगळ्यांना हिरवे झगे दिले. मागून नाडी. मास्तरांनी नाडी पुढं घेतली होती. सिस्टरनं झगा फिरवून दिला. हातातली बांगडी निघेना म्हणून सुईणीच्या मनगटाला साबण लावला. कवळी काढून ठेवल्यावर शिंप्याचं तोंड आत गेलं आणि तो एकदम फार म्हातारा दिसायला लागला. त्यानं तोंडावर हात धरून ठेवला.

मग सिस्टर एक जाड जांभळं पेन घेऊन आली. कागद बघायची, डोळ्यावर उजेड मारायची, भुवईच्या वर एक फुली करायची. थोरल्याच्या उजव्या. धाकट्याच्या डाव्या. मास्तरांच्या उजव्या. सुईणीच्या उजव्या. शिंप्याच्या डाव्या. गिरणीवाल्याच्या डाव्या. फुल्या करून ती आत गेली.

सहा जण ओळीत बसले होते. स्वतःच्या भुवईवरचं कुणालाच दिसत नव्हतं, शेजाऱ्याचंही धड दिसत नव्हतं. दिसत होतं एकट्या वहिनीला.

ती बघत राहिली.

गिरणीत तीस वर्षं डब्यांवर खडू तीच ओढायची. झाकण लावलं की दळलेला डबा आणि बिनदळलेला डबा सारखाच दिसतो. म्हणून दळून झालं की झाकणावर फुली. फुली असली की झालं, हात लावायचा नाही. फुली नसलेला डबा पुढं घ्यायचा. एकदा पाहुणा म्हणून आलेल्या भाच्यानं फुलीचाच डबा उचलून गिरणीच्या तोंडात ओतला होता. पिठाचं पुन्हा पीठ, दगड चोंदला, पट्टा तुटला. तेव्हापासून गावातल्या प्रत्येक माणसाला हे पाठ होतं. हे सहा जण डबे घेऊन त्याच पायरीवर बसत आलेले.

"अहो," ती नवऱ्याच्या कानाशी म्हणाली, "फुली डाव्यावर केलीय."

"कशाची फुली?"

"पेनाची. डाव्यावर. उजव्यावर काही नाही."

त्यानं बोटानं डावी भुवई चाचपली.

"डावा तपासून झाला," तो म्हणाला. "म्हणजे डाव्याला हात लावणार नाहीत."

"मग उजवा..."

"मेलेला डोळा कापून काय करणार? अगं, ह्या लोकांची गफलत झाली. उजवा उघडतील, काही नाही म्हणतील, शिवून टाकतील. आणि मी हा असाच घरी."

"सिस्टरला सांगू?"

"काय सांगणार? तुमचं चुकलं म्हणून? आत घ्यायच्या आधी तिला चिडवणार?"

शेजारी शिंप्यानं ऐकलं होतं. तोंडावरचा हात काढून तो म्हणाला, "वहिनी, माझी कुठल्या डोळ्यावर आहे?"

"डाव्या."

"डाव्यानं मला काहीच दिसत नाही. उजव्यानं निदान तुम्ही बसलाय एवढं कळतं." तो थांबला. "म्हणजे उजवा कापणार?"

हे ओळीत पुढं सरकलं. पट्टीतून थरथर सरकते तसं. बाकीच्या पाचांत ज्याचा जो डोळा गेलेला, फुली नेमकी त्याच्यावर. ज्याच्यात थोडं तरी उरलंय तो उघडा, बिनखुणेचा, पुढचा नंबर असल्यासारखा. सुईणीनं आपला डावा डोळा तळहातानं झाकून घेतला. "ह्या डोळ्यानं मी चूल पेटवते," ती म्हणाली. "ह्या डोळ्यानं."

"मास्तर, तुम्ही शिकलेले," थोरला म्हणाला. "काय ते सांगा."

मास्तर उठून उभे राहिले आणि पुन्हा बसले. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि घामात जांभळी फुली ओघळायला लागली होती.

"वहिनी म्हणतात त्यात तथ्य आहे," ते म्हणाले. "खूण नेहमी झालेल्या कामावर करतात. मी वह्या तपासून झाल्या की खूण करायचो."

एवढं पुरलं. वहिनीनं पदराचं टोक ओलं केलं. आधी नवऱ्याची पुसली. घासावं लागलं, त्याची कातडी लाल झाली. मग शिंप्याची, सुईणीची, मास्तरांची, दोघा भावांची. टेबलावर सिस्टरचं पेन तसंच पडलं होतं. मास्तरांनी ते चाचपून उचललं, पण फुल्या त्यांना काढता येईनात, एक तर थेट सुईणीच्या कानावर गेली. तेव्हा पेन वहिनीनं घेतलं आणि प्रत्येकाच्या दुसऱ्या भुवईवर फुली केली. तिचा हात तीस वर्षांचा सरावलेला होता. सहाही फुल्या सारख्या आल्या.

धाकट्याची करताना तो म्हणाला, "वहिनी, थोरल्याची नीट केली ना?"

"केली."

"नाही, त्याला स्वतःचं सांगता येत नाही कधी."

मग थेंब सुरू झाले. दर दहा मिनिटांनी एक सिस्टर यायची, हनुवटी वर, थेंब, डोळे मिटा. ही दुसरीच होती, तोंडाला कापड बांधलेली. ती खुणेकडे बघायची आणि खूण असलेल्या डोळ्यात थेंब टाकायची.

तिसऱ्या थेंबाला सुईण म्हणाली, "अगं बाई, माझं होतं नव्हतं तेही गेलं."

बाहुली मोठी करायचे ते थेंब. आता गिरणीवाला सोडून सगळ्यांना जे थोडं दिसत होतं तेही धूर झालं. वहिनीनं पेनाकडे पाहिलं. पेन पिशवीत घातलं. मग बाहेर काढून टेबलावर, होतं त्याच जागी, होतं तसंच ठेवलं.

आधी धाकट्याला आत नेलं.

*

दार पुन्हा उघडलं तेव्हा धाकटा आधी आला. मागून डॉक्टरबाई. हातात मोजे, हात वर धरलेले. त्यांनी ओळीवरून नजर फिरवली, मग कागद मागितले, एकेक कागद एकेक कपाळाशी धरला. सहा वेळा.

"हे कुणी केलं?"

मास्तरांनी बोट वर केलं, वर्गात मुलं करतात तसं.

"मी," वहिनी म्हणाली. "मी केलं. आमच्यात झालेल्यावर खूण करतात."

"तुमच्यात म्हणजे?"

"गिरणीत."

डॉक्टरबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रागावल्या नाहीत. भिंतीला पाठ टेकून उभ्या राहिल्या. वर धरलेले हात थरथरत होते आणि त्या थरथरणाऱ्या हातांकडे वहिनी बघत राहिली. हेच हात. एकच डोळा आणि हेच हात.

"त्याच्या चांगल्या डोळ्याशेजारी सुई टेकवली होती मी," त्या म्हणाल्या. "कागद सहज पुन्हा बघितला. सहज."

धाकटा खुर्ची चाचपत खाली बसला. ती खुर्ची थोरल्याच्या शेजारची होती. दोघांपैकी कुणीच उठलं नाही.

"आज एकही करणार नाही मी," डॉक्टरबाई म्हणाल्या. "सगळ्यांचे चुकीच्या डोळ्यात थेंब गेलेत. उद्या पुन्हा पहिल्यापासून."

*

दुपारपर्यंत कुणालाच जवळचं दिसेना. जेवायचं ताट कुठं आहे ते दिसेना. संडास ओसरीच्या टोकाला. वहिनीनं सहा जणांची रांग लावली. पुढं ती, तिच्या खांद्यावर सुईणीचा हात, मग मास्तर, मग शिंपी, मग थोरला. थोरल्याच्या मागं धाकटा यायचा होता. हात हवेत तसाच राहिला.

"ठेव," थोरला म्हणाला. "बांध नाहीये माझ्या खांद्यावर."

शेवटी गिरणीवाला. रांग अशी भिंतीला घासत गेली आणि तशीच परत आली. झगे मागून उघडे पडत होते. दुसऱ्या गावची माणसं बघत होती. कुणीतरी हसलं. शिंपी म्हणाला, "हसा. आम्हाला तुम्ही दिसत नाही, म्हणजे तुम्ही नाहीतच."

परत आल्यावर गिरणीवाला खाटेवर बसला आणि म्हणाला, "चल, घरी जाऊ."

"उद्या करतायत ना."

"गाडी किती वाजता आहे?"

"अहो..."

"अजून सावली कळते मला. दार कुठाय कळतं. गिरणी मी आवाजावर चालवीन. दगड कोरडा पडला की आवाज बदलतो, मला आधीपासून कळतं. एवढं पुरे आहे." तो भराभरा बोलत होता. "हा गेला तर काय उरेल, सांग ना. तू म्हणशील डावीकडे, मी डावीकडे. तू म्हणशील ऊठ, मी उठायचं. तू शेजारी गेलीस की मी खाटेवर. तू मेलीस की?"

"मी कुठं मरतेय एवढ्यात?"

"तिच्या हातांकडे बघितलंस तू," तो म्हणाला.

ती दचकली.

"मला दिसलं नाही. पण तू श्वास घेतलास तो ऐकला. कापत होते ना हात?"

खोटं बोलावं का, असं तिच्या मनात आलं. सकाळपासून तिनं जे जे ठरवलं होतं ते ते चुकलं होतं. तिला आता हो म्हणायची भीती वाटत होती आणि नाही म्हणायचीही. पायाशी पिशवी होती; ती उचलली तर दोघं दारातून बाहेर पडले असते, कुणी अडवलं नसतं. तिनं पिशवीत हात घातला. कपडे, साबण, सहा कागदांच्या झेरॉक्स. ती पुन्हा पिशवी बांधायला लागली आणि कुणासाठी बांधतेय हे तिला कळेना.

"कापत होते," ती म्हणाली. "म्हणून त्या थांबल्या. मी नाही थांबले. मला जरा तरी शंका यायला हवी होती, ती आली नाही. त्यांना आली."

तो आडवा झाला आणि त्यानं भिंतीकडे तोंड केलं.

"पिशवी बांधलीस का?"

"नाही."

"मग कसला आवाज येतोय मघापासून?"

*

तिसऱ्या दिवशी कुणाच्याच भुवईवर आधी खूण केली नाही. डॉक्टरबाई स्वतः ओसरीत स्टूल घेऊन बसल्या.

"एकेकानं पुढं यायचं. कुठला डोळा करायचा ते स्वतःच्या बोटानं दाखवायचं. तोंडानंही सांगायचं. मग मी खूण करणार. वहिनी, तुम्ही दाराशी उभ्या राहा. काही बोलू नका."

थोरल्यानं दाखवला. धाकट्यानं दाखवला. सुईणीनं बोट ठेवलं आणि बोटाखालून पाणी यायला लागलं. "रडत नाहीये मी," ती म्हणाली, "तो नुसताच गळतो." मास्तरांनी दाखवला, शिंप्यानं दाखवला. सोपं वाटलं होतं, पण प्रत्येकाचा हात छातीपर्यंत यायचा आणि तिथून वर जायला वेळ लागायचा. ह्याला कापा, असं आपल्याच बोटानं सांगायचं.

एकेक आत गेला. एकेक पट्टी लावून बाहेर आला. पाच झाले तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता.

"बाबा, या," डॉक्टरबाई म्हणाल्या.

गिरणीवाला स्टुलासमोर उभा राहिला.

"कुठला करायचा?"

हात वर आला. बोट उजव्या डोळ्यावर टेकलं.

"हा," तो म्हणाला.

वहिनीनं दाराची चौकट धरली. बोलायचं नाही असं सांगितलं होतं. तिनं खालचा ओठ दातात धरला.

"नीट आठवा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "कुठला?"

"हा." बोट तिथंच. मेलेल्या डोळ्यावर. "ह्याचं काय करायचं ते करा. दोनदा करा. हा घ्या."

"त्यात काही नाही, बाबा. तुम्हाला माहितीये."

"माहितीये. म्हणूनच म्हणतो घ्या." त्याचे गुडघे झग्याखालून दिसत होते. कोरडे, पांढरे. "दगड फोडला की कपचा उडतो, डॉक्टरीणबाई. कितीही हळू मारा. मी चाळीस वर्षं मारलेत. मी हळूच मारला होता."

डॉक्टरबाई स्टुलावरून उठल्या नाहीत. घड्याळाकडेही पाहिलं नाही.

"मी हातोडी नाही मारणार," त्या म्हणाल्या. "पाण्यात ठेवून बारीक बारीक करत काढते. कपचा उडायला जागाच नसते. वेळ लागतो. आज मला दुसरं काही काम नाही."

"हात?"

त्यांनी दोन्ही हात पुढं केले. त्याला ते दिसणार नव्हते, म्हणून त्यांनी ते त्याच्या हातांवर ठेवले. त्यानं दगड चाचपावा तसे चाचपले. उलटे, सुलटे. बोटांची टोकं. ओसरीत पट्टी लावलेली पाच माणसं मान त्या बाजूला करून बसली होती.

मग त्याचा हात निघाला. छातीपाशी थांबला. हनुवटीपाशी थांबला.

"हा," तो म्हणाला. "एकच आहे."

*

वीस मिनिटं लागतील म्हणाल्या होत्या. चाळीस झाली.

वहिनी दाराजवळ उभी होती. आतून यंत्राचा बारीक सूर येत होता. मध्येच चढायचा, मध्येच तुटायचा. तुटला की ती श्वास धरायची. एकदा काहीतरी धातूचं खाली पडलं. एकदा कुणीतरी "थांबा" म्हणालं.

"काय म्हणाले?" सुईणीनं विचारलं.

"काही नाही."

"थांबा म्हणाले," शिंपी म्हणाला.

"गप रे," थोरला म्हणाला.

वहिनीनं मनात आकडे सुरू केले. सात झाल्यावर पुढचा आठवेना. पुन्हा एकपासून. पुन्हा सात. तिनं गावात गेल्यावर सुनेला काय सांगायचं ते जुळवून पाहिलं, आणि कुठलंही वाक्य पुरं होईना.

दार उघडलं. दोघांनी त्याला धरलं होतं. डाव्या डोळ्यावर पांढरी पट्टी. उजवा उघडा, आणि त्यात काहीच नाही. आता त्याला पूर्ण अंधार होता.

"झालं?" ती म्हणाली.

"मला काय विचारतेस?" तो म्हणाला. "मला काय दिसतंय?"

त्यानं हात पुढं केला, तिचा दंड धरला. बोटं रुतली. दुसऱ्या दिवसापर्यंत तिथं निळे डाग होते.

*

पट्टी सकाळी नऊला काढली. आधी पाणी आलं. मग त्यानं डोळा मिटून घेतला आणि उघडेना.

"उघडा."

"उजेड आहे," तो म्हणाला. "फार आहे."

"असणारच. उघडा."

सिस्टरनं बोटं धरली. तीन. तो म्हणाला तीन. दोन. दोन. मग तिनं मूठ धरली आणि तो म्हणाला, "काही नाही," आणि घाबरून बायकोकडे वळला. मग मूठ आहे हे कळलं तेव्हा एकदम खाली बसला. डॉक्टरबाई म्हणाल्या, चांगलं झालंय, महिनाभर पाणी लागू द्यायचं नाही, पिठात जायचं नाही. तो हो म्हणत राहिला. हो, हो, हो. आवाजात अजून कालचीच भीती होती. ती पट्टीबरोबर निघाली नव्हती.

बाहेर ओसरीत दुसऱ्या गावची माणसं बसली होती. हिरवे झगे, भुवयांवर जांभळ्या फुल्या. सगळ्यांनी एकाच वेळी त्याच्याकडे माना वळवल्या. एक म्हातारी पुढं वाकली.

"दुखतं का हो?"

तो थांबला. तिच्या कपाळाकडे बघत राहिला. वहिनीला वाटलं, आता हा काहीतरी भलतंच बोलणार.

"आजी, ही फुली करायच्या डोळ्यावर असते," तो म्हणाला. "झालेल्यावर नाही."

"ते माहितीये," म्हातारी म्हणाली. "दुखतं का ते सांगा."

तो वहिनीचा दंड न धरता चालायला लागला. चार पावलांवर भिंत आली तेव्हा भिंतीला हात लावला, आणि तसाच लावत जीपपर्यंत गेला.

मंगळवारी सकाळी पहिल्या फुल्या करून झाल्यावर, आत जायच्या आधी, सिस्टरनं विचारलं होतं, "कुणाला काही विचारायचंय?" सहाही जणांनी वहिनीकडे तोंड केलं होतं, आणि वहिनी म्हणाली होती, "नाही."